खोक्यावर ‘विंडोज’ लिहिलंय? नाव नको, नंबर बघा



बंदीचे दिवस चालू आहेत. ट्रॉलर जेटीला लागलेत, इंजिने उघडलीत, जाळी दुरुस्तीला काढलीत. अशा दिवसांत ऑफिसात येऊन बसणारे सभासद वाढतात आणि यंदा सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. “आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज अकरा बसत नाही म्हणतात. मग तो भंगारात द्यायचा काय?” त्याला जोडून दुसरा: “मुलगा म्हणतो लिनक्स घाल, फुकट आहे. पण केबलच्या, प्रिंटरच्या खोक्यावर तर नुसतं विंडोज लिहिलंय. चालणार कसं?”

प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा आम्ही ऑफिसात काय केले, काय चालले आणि काय चालले नाही, ते इथे एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी प्रश्न कुठून आला ते

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची वाढीव सोय ठेवली, पण ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडचे बरेच कॉम्प्युटर त्याआधीचे आहेत. मशीन धडधाकट, पण यादीत नाव नाही.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केली. तिचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि जगभरचे लोक त्यात भर घालतात. परकी वस्तू वाटू देऊ नका. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. कॉम्प्युटरसाठी लिनक्सचे बरेच प्रकार मिळतात. आम्ही लिनक्स मिंट घेतला, कारण तो दिसायला जुन्या विंडोजच्या जवळचा आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. निदान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरे.

खोक्यावरच्या नावाचा अर्थ काय

खोक्यावर ‘विंडोज’ लिहिलेले असते याचा अर्थ एवढाच, की कंपनीने ती वस्तू विंडोजवर तपासली आहे आणि तक्रार आली तर त्याचेच उत्तर देणार आहे. लिनक्सचे नाव नाही याचा अर्थ ‘लिनक्सवर चालत नाही’ असा होत नाही. ‘आम्ही त्याबद्दल काही बोलत नाही’ असा होतो. दोन्हींत फरक आहे. काही कंपन्या आपली मशीन रीतसर तपासून ‘उबंटू सर्टिफाइड’ असा शिक्का घेतात, त्यांची यादीही असते. पण यादीबाहेरची असंख्य मशीन रोज लिनक्सवर चालत आहेत.

हे आपल्याला नवीन नाही. पंपाचे बेअरिंग गेले की आपण दुकानात काय सांगतो? पंपाच्या कंपनीचे नाव नाही, बेअरिंगवरचा नंबर सांगतो. ६२०५ म्हटले की आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. डब्यावर कोणत्याही मशीनचे नाव असो, ६२०५ बसणारच. माल चांगला की हलका ते वेगळे बघायचे, पण बसेल की नाही ते नंबर सांगतो.

कॉम्प्युटरच्या वस्तूंचेही तसेच. खोके, स्टिकर, रंग कोणाचाही असेल, आत एक चिप असते. त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी बरेचदा तो सीडीवर किंवा कंपनीच्या साइटवर मिळतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यातच भरलेले असतात, वस्तू जोडली की तो आपोआप उचलला जातो. म्हणून प्रश्न ‘खोक्यावर काय लिहिलंय’ हा नाही. ‘आत कोणती चिप आहे’ हा आहे.

चिपचा नंबर कसा बघायचा

यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला एक ओळख नंबर असतो. चार-चार अंक-अक्षरांचे दोन तुकडे, मध्ये दोन टिंबे. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा वस्तूचा. उदाहरणार्थ ०४०३:६००१ म्हणजे एफटीडीआय कंपनीची एफटी२३२ चिप. जीपीएसच्या छोट्या यूएसबी डबीचा नंबर १५४६ ने सुरू झाला तर आतली चिप यू-ब्लॉक्सची.

विंडोजवर: डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स आणि मग हार्डवेअर आयडीज. व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन आकडे दिसतील. लिनक्स घालायच्या आधीच हे बघता येते.

लिनक्सवर: टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे लहान लिपीत, सलग टाइप करा आणि एंटर दाबा. जोडलेल्या वस्तूंची यादी नंबरासकट येते.

तो नंबर आणि ‘लिनक्स’ हा शब्द घेऊन गुगलवर शोधा. कोणीतरी आधी वापरून बघितलेले असतेच.

एक सावधगिरी. वस्तूचे नाव तेच राहून आतली चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा वायफाय डोंगल याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, लिनक्सवर ती लावताच चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि तोच अनुभव राहिला नाही. नाव तेच, खोके जवळजवळ तेच. म्हणून ‘अमक्याकडे चालतो’ एवढे ऐकून घेऊ नका. खोक्यावर व्हर्जन काय छापलंय तेही बघा.

तांडेलकाकांचा जीपीएस

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळे आम्ही शिकलो, ती सांगतो.

आमच्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर जुना जीपीएस सेट आहे. तांडेलकाका त्यावर वीसेक वर्षे पॉइंट मारत आले. खडप कुठे, जाळे कुठे अडकते, बुडालेले बार्ज कुठे, कोणत्या महिन्यात कोलंबी कुठे लागते. त्यातले काही पॉइंट त्यांच्या थोरल्या भावाने मारलेले, ते आता हयात नाहीत. यंदा सेटच्या पडद्यावर रेघा यायला लागल्या. एक-एक ओळ दिसेनाशी होत चालली. काका सेट पिशवीत घालून ऑफिसात आले आणि म्हणाले, “ह्याच्यातलं तेवढं बाहेर काढा. सेट गेला तरी चालेल.”

वहीत उतरवायचा विचार झाला. पण अर्धवट दिसणाऱ्या पडद्यावरून दोनशेच्या वर पॉइंट उतरवायचे, म्हणजे एक आकडा चुकला की जाळे खडपावर. सेटच्या मागे डेटाच्या तारा होत्या. कॉम्प्युटरला जोडण्यासाठी सीरियलची यूएसबी केबल बाजारातून आणली. खोक्यावर जुन्या विंडोजची नावे, आत छोटी सीडी. लिनक्सचा उल्लेखही नाही.

विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली, पिवळे चिन्ह आले. केबलमधली चिप जुन्या पिढीची निघाली आणि नव्या विंडोजचा ड्रायव्हर तिला ओळखून नकार देत होता. ज्या विंडोजचे नाव खोक्यावर, त्याच्याच नव्या आवृत्तीवर केबल चालेना. शेजारी मिंट घातलेला जुना कॉम्प्युटर होता. सहज म्हणून त्याला लावली. सीडी नाही, ड्रायव्हर नाही, केबल लगेच ओळखली गेली.

अशा केबलमध्ये बहुतेक वेळा चार घराण्यांपैकी एक चिप असते: एफटीडीआय, प्रोलिफिकची पीएल२३०३, सीएच३४०, नाहीतर सीपी२१०एक्स. चारहींचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहेत.

पुढे दोन ठिकाणी अडलो. तुम्हीही अडाल म्हणून सांगतो.

पहिले, केबल दिसते पण प्रोग्राम म्हणतो ‘परवानगी नाही’. सीरियल पोर्ट वापरायला आपले नाव ‘डायलआउट’ या गटात घालावे लागते. युजर्स अँड ग्रुप्सच्या सेटिंगमध्ये ते होते. घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर लागू होत नाही. आमचा अर्धा दिवस एवढ्यावर गेला.

दुसरे, आमची तार उलट जोडली गेली. सेटची ‘डेटा आउट’ तार केबलच्या घेणाऱ्या पिनला जायला हवी. नऊ पिनांच्या कनेक्टरवर घेणारी पिन २ नंबर, देणारी ३ आणि ग्राउंड ५. केबल घेताना आरएस-२३२ चीच घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदासाठी मिळणारी टीटीएल केबल दिसायला सारखी असते, पण तिचा व्होल्टेज वेगळा असतो. आणि सेटच्या पॉवरची तार चुकूनही डेटाच्या पिनला लागू देऊ नका, कॉम्प्युटरचा पोर्ट जळेल.

सीएच३४० वाल्यांना आणखी एक अडचण येऊ शकते. उबंटूच्या २२.०४ आवृत्तीत आणि तिच्यावर बेतलेल्या सिस्टिममध्ये अंध लोकांच्या ब्रेल यंत्रासाठी बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम असतो. तो या केबलला ब्रेल यंत्र समजून धरून बसतो. केबल क्षणभर दिसते आणि गायब होते. ब्रेल वापरणारे कोणी नसेल तर तो प्रोग्राम काढून टाका, केबल मोकळी होते.

पॉइंट काढायला जीपीएसबॅबल हा खुला प्रोग्राम वापरला. निरनिराळ्या कंपन्यांच्या जीपीएसची भाषा त्याला येते, काकांच्या सेटचीही येत होती. सगळे पॉइंट जीपीएक्स फाइलमध्ये उतरले. ही फाइल ओपनसीपीएन या फुकट नकाशा प्रोग्राममध्ये उघडते, आणि जीपीएक्स घेणाऱ्या नव्या सेटमध्येही परत भरता येते. नंतर सेटच्या पडद्यावर जेवढे दिसत होते त्यातले दहा पॉइंट वहीत घेऊन फाइलशी ताडून बघितले. हे न चुकता करा. एक सेट मिनिटांचा दशांश दाखवतो, दुसरा सेकंद दाखवतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

एवढे झाल्यावर कळले की जुन्या सेटमध्ये नावाला सहाच अक्षरे मावत होती. ‘केडीपी३’, ‘बीआरजे’, ‘डीएडीए७’ अशी नावे. ती वाचणारा माणूस एकच. मग काकांना शेजारी बसवून प्रत्येक पॉइंटपुढे नीट लिहून घेतले. ‘डीएडीए’ म्हणजे दादा, थोरल्या भावाने मारलेले सगळे. काकांनी ते पहिल्यांदाच कोणाला सांगितले. मुलगा बाजूला बसून ऐकत होता.

आणि हो, विचारणाऱ्यांसाठी: काकांचे पॉइंट सोसायटीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेले नाहीत. दोन पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या हातात दिले आणि आमची प्रत त्यांच्यासमोर पुसली. कोणाचे पॉइंट कोणाला दाखवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

घालायच्या आधी चालवून बघा

लिनक्सची सगळ्यात चांगली सोय ही, की ते हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. बोट विकत घ्यायच्या आधी खाडीत एक फेरी मारल्यासारखे.

१. आधी आपली कागदपत्रे, फोटो, हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवा. हे सगळ्यात पहिले.

२. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि रुफस किंवा एचर या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी केली तर चालत नाही. पेन ड्राइव्हवर आधीचे काही असेल तर ते जाईल.

३. कॉम्प्युटर चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा. कोणते बटण ते मशीनप्रमाणे बदलते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

४. मिंट उघडेल. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका. आधी तपासा: वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का.

५. आता आपल्या सगळ्या वस्तू एकेक करून जोडा. प्रिंटर, स्कॅनर, जीपीएसची डबी, केबल. काय चालले, काय नाही, कागदावर लिहा.

६. कागद बघून ठरवा. पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू केले की विंडोज जसेच्या तसे असते.

पेन ड्राइव्हवरून ते जरा हळू चालते. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

आमच्या ऑफिसात काय चालले

इंटरनेट, मेल, मच्छीमार बोटींच्या नोंदणीचे रिअलक्राफ्ट पोर्टल, पीडीएफ, पत्रव्यवहार सगळे चालले. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, फक्त सेटिंगमधून चालू करावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधल्या फाइल मात्र नीट दिसल्या नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

वायफायच्या एका डोंगलने मजा केली. लावला की सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला असतो. यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम घातल्यावर तो स्वतःच्या रूपात आला. तुमचा डोंगल ‘सीडी’ दिसला तर लगेच परत करायला धावू नका.

प्रिंटरसाठी एक सोपी खूण. खोक्यावर लिनक्स नसेल, पण ‘एअरप्रिंट’ म्हणजे आयफोनवरून थेट छापायची सोय लिहिलेली असेल, तर तो लिनक्सवरही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालण्याची शक्यता चांगली. दोघांची पद्धत जवळपास एकच आहे. याउलट काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर असे असतात, की छपाईचे सगळे गणित कॉम्प्युटरवर टाकतात. त्यांना त्यांचाच खास ड्रायव्हर लागतो.

काय चालले नाही

लपवण्यात अर्थ नाही. आमचा एक जुना लेझर प्रिंटर दोन दिवस खटपट करूनही चालला नाही, सोडून दिला. टॅली विंडोजसाठीच आहे. आधारच्या बोटांच्या ठशांच्या यंत्राला जी आरडी सर्व्हिस लागते, ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. डिजिटल सहीच्या टोकनचे काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण शेवटच्या तारखेला टेंडर भरताना त्यावर विसंबू नका.

म्हणून आम्ही एक कॉम्प्युटर विंडोज ११ चा ठेवला. टॅली, सही, ठसा आणि तो जुना प्रिंटर त्याच्यावर. बाकी दोन जुन्या मशीनवर मिंट. तिन्ही बदलायचे ठरले होते, एकच नवीन घ्यावे लागले. ज्याच्या घरी एकच कॉम्प्युटर आणि त्यावर टॅलीचा हिशेब, त्याने घाई करू नये.

समुद्रावर मात्र वेगळा नियम

दोघातिघांनी विचारले, “मग लॅपटॉपला जीपीएस डबी लावून बोटीवर ओपनसीपीएन वापरू काय?” प्लॉटरला जोड म्हणून, चालून आलेला मार्ग बघायला वापरा, हरकत नाही. प्लॉटरच्या, होकायंत्राच्या, व्हीएचएफच्या, डॅटच्या जागी नको. खारे वारे, हादरे आणि बोटीवरची वरखाली होणारी वीज यांपुढे घरचा लॅपटॉप टिकत नाही. नकाशाही अधिकृत हवा. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते. कुठून तरी उतरवलेल्या चित्रावर खडप असेलच असे नाही.

ऑफिसात ‘चालून बघू’ म्हणता येते. चालले नाही तर एक दिवस जातो. बाहेर, रात्री, वारा सुटलेला असताना ‘चालून बघू’ची जागा नाही. तिथे शिक्क्याचीच वस्तू. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये असू द्या, पण किनाऱ्यापासून लांब फोन लागत नाही हेही लक्षात ठेवा.

शेवटचे

जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी एकदा पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. नवीन केबल, डोंगल, प्रिंटर घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: आतली चिप कोणती, आणि नाही चालले तर परत घेणार का. आणि बोटीवरचा जीपीएस जुना असेल तर पडद्यावर रेघा यायची वाट बघू नका. पॉइंट आजच उतरवा आणि त्यांची नावे घरात कोणाला तरी समजावून ठेवा.

बंदी संपेपर्यंत, ३१ जुलैपर्यंत, ऑफिसच्या वेळेत मिंटचा तयार पेन ड्राइव्ह आणि केबल ऑफिसात आहे. सेट किंवा लॅपटॉप घेऊन या, बसून बघू. सेट आणताना त्याची पॉवरची तार आणि फ्यूज सोबत आणा. तुमच्याकडची कोणती वस्तू लिनक्सवर चालली, कोणती नाही, ते खाली कॉमेंटमध्ये नंबर आणि व्हर्जनसकट लिहा. पुढच्याचे पैसे वाचतील.